हिशेबात न लागलेले किलो

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर एक तक्ता उघडा असायचा. सुरुवातीचा साठा, आलेला माल, बॅचना दिलेला, रिकव्हरीतून परत आलेला, महिनाअखेरचा साठा. आणि अगदी उजवीकडे, बेरीज-वजाबाकी जुळावी म्हणून ठेवलेला एक रकाना: प्रोसेस लॉस. औषधांची मूळ द्रव्यं बनवणाऱ्या कारखान्यात मी नवी इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा सॉल्व्हंटचा, म्हणजे द्रव्यं विरघळवायला लागणाऱ्या द्रवांचा, हा ताळेबंद माझ्याकडे आला. ज्यांनी तो सोपवला त्यांनी एवढंच सांगितलं, "तीन टक्क्यांच्या आत राहू दे, मग कुणी विचारत नाही."

वर्षभर मीही विचारलं नाही. महिन्याला कितीतरी टन ॲसिटोन आत यायचं, फिरायचं, परत गाळून वापरलं जायचं. त्यातले शेकड्यांनी किलो त्या उजवीकडच्या रकान्यात जाऊन बसायचे आणि मी खाली सही करायचे. गेटमधून आत शिरताना अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक होता. त्यावरचा आकडा रोज एकाने वाढायचा. पर्यावरणाचा अहवाल वेगळा, सुरक्षिततेचा वेगळा, आणि दोन्हींत आमचं सगळं ठीक होतं.

आता वाटतं, आमच्या कारखान्यात सगळ्यात खरं बोलणारा कागद तो ताळेबंदच होता. फक्त त्या रकान्याला दिलेलं नाव खोटं होतं. हरवत काहीच नाही. आत गेलेला प्रत्येक किलो कुठेतरी असतोच: मालात, रिकव्हरीच्या टाकीत, सांडपाण्यात, हवेत, नाहीतर कुणाच्या तरी छातीत.

औषधांच्या धंद्यात हे किलो फार असतात. १९९२ मध्ये रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने एक साधा भागाकार मांडला होता. एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा होतो? तेलशुद्धीकरणात हे उत्तर ०.१ च्या आसपास येतं, मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांत फार तर पाचापर्यंत जातं. औषधांत ते २५ पासून सुरू होतं आणि १०० च्याही वर जातं. कारण उघड आहे. औषधाचा रेणू एका फटक्यात बनत नाही. पाच, सात, कधी दहा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला विरघळवायचं, अभिक्रिया घडवायची, धुवायचं, स्फटिक पाडायचे, पुन्हा धुवायचं. गोळीत जे उरतं ते मूठभर, आणि त्याच्यामागे सॉल्व्हंटचे ड्रमच्या ड्रम. बाहेरच्या माणसाला औषध म्हटलं की पांढरी गोळी आठवते. मला आठवतात ते ओले पाइप, कंडेन्सरवर साचलेलं दव आणि ड्रमच्या झाकणावरचे गंजलेले वळसे.

एका महिन्यात माझा आकडा चार टक्क्यांच्या वर गेला. "डिप चुकली असेल, पुन्हा घ्या," असं सांगण्यात आलं. टाकीत पट्टी बुडवून पातळी मोजतात ती डिप पुन्हा घेतली. आकडा तोच. रिकव्हरीचे लॉगशीट तपासले, टँकरच्या वजनाच्या पावत्या तपासल्या. सगळं जागच्या जागी होतं. मग एके दिवशी वही घेऊन रात्रपाळीला जाऊन बसले, सेंट्रिफ्यूजपाशी.

ज्यांनी सेंट्रिफ्यूज पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. भोकं पाडलेली पोलादी टोपली, तिच्या आत कापडाची पिशवी. अभिक्रियेच्या भांड्यातून, म्हणजे रिॲक्टरमधून, स्फटिकांची स्लरी आत सोडतात, टोपली गरगर फिरते, द्रव बाहेर फेकला जातो आणि पिशवीच्या कडेला ओल्या पांढऱ्या पावडरीचा जाड थर बसतो. त्याला सगळे केक म्हणतात. त्यावर थंड ॲसिटोन फवारून तो धुवायचा, पुन्हा फिरवायचा, मग झाकण उघडून, वाकून, स्कूपने खरवडून बाहेर काढायचा. नवीन यंत्रांत केक झाकण न उघडता खालून पडतो. आमचं यंत्र जुनं होतं.

त्या पाळीला जे ऑपरेटर होते ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे. चहाच्या वेळी त्यांनी हातमोजे काढले तेव्हा मी त्यांची बोटं नीट पाहिली. टोकांची कातडी पांढरी, कोरडी, भेगाळलेली, चुना लावून वाळवल्यासारखी. ॲसिटोन कातडीतलं तेल ओढून घेतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मोजे घालूनही ते कुठून शिरतं ते तेव्हा कळलं: मनगटापाशी, जिथे मोजा संपतो आणि बाही सुरू होते तिथून.

"काका, वास नाही येत?"

"येतो ना. पहिली दहा मिनिटं. मग नाक गप्प बसतं."

नाक गप्प बसतं. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. सॉल्व्हंटवर काम करणारा माणूस नाकावर विसंबतो, आणि नाकच सगळ्यात आधी थकतं. काही सॉल्व्हंटच्या बाबतीत तर ते जागंच उशिरा होतं. डायक्लोरोमिथेन घ्या, औषधांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं वापरलेलं. त्याचा वास जाणवू लागतो तोवर कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा कित्येक पटींनी ओलांडलेली असते, आणि शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. अमेरिकेत ही मर्यादा दशलक्ष भागांत २५ भाग होती. मे २०२४ च्या नियमाने जिथे वापर चालू ठेवायला मुभा दिली तिथे ती २ वर आणली. इतकी वर्षं किती जणांची नाकं किती पाळ्या गप्प बसली असतील, याचा कुठे हिशेब नाही.

तर त्या रात्री. भिंतीवर नायट्रोजनचा रोटामीटर होता, काचेची उभी नळी आणि आत तरंगता खडा. प्रवाह जितका जास्त तितका खडा वर. तो अगदी वर टेकला होता, हलतही नव्हता. त्याच्या शेजारी ऑक्सिजन ॲनालायझर. त्यावर ३.१ टक्के दिसत होतं. मी वहीत लिहून घेतलं. थोड्या वेळाने काकांनी केक काढायला झाकण उघडलं. बाहेरची हवा आत शिरली, आणि हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. मी वर पाहिलं. पडद्यावर ३.१.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे.

"तो बंदच आहे, मॅडम. पावडर जाऊन जाऊन त्याची नळी चोक होते. तीनदा लिहून दिलं. मग इंटरलॉक बायपास करून दिला, नाहीतर मशीन सुरूच होत नाही."

"मग नायट्रोजन?"

"फुल्ल ठेवतो. मीटर खरं बोलत नसेल तर जास्तच बरा. जळण्यापेक्षा वाया गेलेला बरा."

त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे कुठल्याही साध्या दिवशी त्याची वाफ पेट घ्यायला तयारच असते. गरगर फिरणारी टोपली, घासणारं कापड, खरवडलं जाणारं कोरडं पडत चाललेलं पीठ; यातून स्थिर वीज तयार होते. ठिणगी कायमची टाळणं कुणाच्या हातात नसतं, म्हणून आतला ऑक्सिजनच काढून टाकतात. नायट्रोजन त्यासाठीच असतो आणि तो पुरेसा आहे की नाही ते सांगायला ॲनालायझर असतो. ऑक्सिजन जास्त दिसला तर मशीन चालू न देणारी जोडणी म्हणजे इंटरलॉक. ॲनालायझर मुका झाल्यावर त्या माणसाने आपल्या जिवाच्या भीतीने, आपल्या अकलेने, हाताशी होता तो एकच व्हॉल्व्ह पूर्ण उघडला होता.

आणि माझे किलो तिथून जात होते. वायू द्रवावरून गेला की वाफ सोबत घेऊन जातो. ॲसिटोनचा वाफदाब पाहिला तर ३० अंशांवर एक घनमीटर नायट्रोजन पूर्ण भरून निघाला की सव्वा किलोहून जास्त ॲसिटोन उचलतो. तोच शून्य अंशांपर्यंत थंड केला तर पाव किलोच्या आसपास. वायू बाहेर सोडणाऱ्या नळीवर, म्हणजे व्हेंटवर, वाफ थंड करून परत द्रव करणारा कंडेन्सर होता. पण आमच्या कंडेन्सरला कूलिंग टॉवरचं पाणी होतं, वायू बाहेर पडायचा तिशीच्याच घरात. ताशी दहा घनमीटर धरले तरी एका पाळीत शंभर किलोंच्या वर. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला आणि पहिल्यांदा मला आनंद झाला. हिशेब लागला होता.

तो आनंद फार टिकला नाही. कारण झाकण उघडं होतं, काका टोपलीत वाकले होते, आणि रोटामीटरमधला खडा अजून वरच टेकलेला होता.

नायट्रोजन विषारी नाही. आपण घेतो त्या हवेत तो ७८ टक्के असतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. गुदमरल्याची जाणीवही होत नाही, कारण शरीराला घुसमट जाणवते ती साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि तो तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर जातच असतो. ऑक्सिजन जवळजवळ उरलाच नसेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने १९९२ ते २००२ या काळातल्या तिथल्या घटना तपासल्या तेव्हा नायट्रोजनने गुदमरून ८० मृत्यू झाल्याचं दिसलं. काकांच्या तोंडावर कार्ट्रिजचा मास्क होता. तो ॲसिटोन अडवतो. ऑक्सिजन आणून देत नाही.

"काका, मागे या." माझा आवाज चिरकला असावा, कारण ते लगेच सरळ झाले. मी व्हॉल्व्ह बंद केला. "वाकल्यावर चक्कर येते का कधी?"

"रात्रपाळी आहे. होतं कधीकधी डोकं हलकं."

ते इतकं सहज म्हणाले की मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. किती महिने? कुणाच्या अहवालात ते हलकं झालेलं डोकं आलं होतं? पर्यावरणाच्या पानावर त्या व्हेंटमधून जाणारी वाफ 'नुकसान' म्हणून बसली होती, मर्यादेच्या आत. सुरक्षिततेच्या पानावर शून्य होतं. बायपास केलेला इंटरलॉक कुठल्याच पानावर नव्हता. आग, घुसमट आणि आकाशात गेलेलं सॉल्व्हंट, तिन्ही एकाच व्हॉल्व्हपाशी येऊन थांबली होती. आणि त्यांतल्या एकाचीच नोंद होत होती, तीही चुकीच्या नावाने, माझ्या सहीने.

तो शून्य कसा काढतात तेही सांगायला हवं. वर्षभरात नोंदवाव्या लागतील अशा जेवढ्या दुखापती झाल्या त्यांना २,००,००० ने गुणायचं आणि सगळ्यांच्या कामाच्या तासांनी भागायचं. दोन लाख तास म्हणजे शंभर माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे. सूत्र चांगलं आहे, घसरून पडणं, बोट चेमटणं, भाजणं यांवर लक्ष ठेवायला ते उपयोगी पडतं. पण त्यातून रिॲक्टरच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही. २३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ माणसं गेली. त्यांतले बरेचजण नुकतेच एका जेवणावरून परतले होते. महिनाभरात कामाचा दिवस बुडेल अशी एकही दुखापत झाली नाही, त्याबद्दल ते जेवण होतं.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी सगळं मांडलं. पहिली प्रतिक्रिया अशी आली की, तुम्ही सॉल्व्हंट बॅलन्स बघा, सेफ्टीचं सेफ्टीवाले बघतील. मला राग आला आणि तो लपवता आला नाही. मी म्हटलं, हा सॉल्व्हंट बॅलन्सच आहे. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मेंटेनन्सच्या प्रमुखांनी, ज्यांच्याकडे ती तीन पत्रं गेली होती, स्वतःहून सांगितलं की सुटा भाग मागवायचा राहिला होता. त्यांचा मला आजही आदर वाटतो. त्या खोलीत गप्प बसणं फार सोपं होतं.

ॲनालायझरच्या नळीला बदलता येईल असा फिल्टर आला, जोडीला राखीव संच आला. इंटरलॉक परत लागला. ऑक्सिजन कमी असेल तेव्हा नायट्रोजन किमान प्रवाहावर, झाकण उघडलं की बंद, आणि केक काढायच्या आधी आतली हवा मोजायची. व्हेंटला ब्राइनवर, म्हणजे थंड केलेल्या खारट पाण्यावर, चालणारा दुसरा कंडेन्सर बसला. पुढच्या महिन्यात आकडा चारावरून अडीचच्या खाली आला.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटली ती एक साधी वही: बायपास रजिस्टर. आज कारखान्यात कुठले इंटरलॉक बायपास आहेत, कुणी केले, कधीपर्यंत. रोज सकाळी मोठ्याने वाचायचे. पहिल्या दिवशी यादी इतकी लांब निघाली की वाचणाऱ्याला मध्ये पाणी प्यावं लागलं. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती आणि सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याला जाणारी नळी दुरुस्तीसाठी सोडवलेली होती. आतल्या लोकांना ते माहीत होतं.

मग मी पाण्याकडे वळले. ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाची जागा बहुतेक कारखान्यांत सगळ्यात मागे असते, आणि तिथे काम करणाऱ्यांना कुणी फारसं विचारत नाही. तिथल्या एरेशन टाकीत जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात. तिथला ऑपरेटर रोज त्या टाकीतलं गढूळ पाणी एक लिटरच्या जारमध्ये घ्यायचा आणि अर्धा तास ठेवायचा. गाळ तपकिरी असेल, नीट खाली बसला असेल, वरचं पाणी नितळ असेल तर जिवाणू ठणठणीत. वर राखाडी पिसं तरंगायला लागली की तो फोन उचलून विचारायचा, "आज काय सोडलंत?" उत्पादनातून "काही नाही" असं उत्तर यायचं. तो मानायचा नाही. जार खोटं बोलत नाही म्हणायचा. कुठल्या विभागात मदर लिकर, म्हणजे स्फटिक काढून उरलेला द्रव, चुकून गटारात गेलं ते त्याला प्रयोगशाळेच्या आधी कळायचं.

पण जारलाही सगळं दिसत नाही, आणि सीओडीच्या चाचणीलाही नाही. सीओडी एकूण सेंद्रिय भार मोजते. त्यात साखर किती आणि प्रतिजैविक किती हे ती सांगत नाही. २००७ मध्ये योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादजवळ पटनचेरू इथे जवळपास ९० औषध कारखान्यांचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडलं, लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त. शुद्ध केलेल्या पाण्यात! एवढ्या औषधातून जे जिवाणू तगतात ते त्याला सरावलेले असतात आणि पुढे वाहत जातात. प्रतिजैविकांच्या उत्पादनातल्या सांडपाण्याबद्दल आणि घनकचऱ्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची पहिली मार्गदर्शक तत्त्वं यायला सप्टेंबर २०२४ उजाडावा लागला. बरं करायला म्हणून बनवलेलं औषधच हिशेबाबाहेर गेलं तर काय होतं, हे वाचताना मला आमचा तो शेवटचा रकाना दिसत होता.

खरं तर गळणारं अडवण्यापेक्षा ते मुळात कमी आणणं चांगलं. १९७४ मध्ये इंग्लंडात फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन २८ माणसं गेल्यावर ट्रेवर क्लेट्झ या सुरक्षातज्ज्ञाने हेच लावून धरलं: जे आवारात नाहीच ते गळणार नाही. औषधांत याचं मला आवडणारं उदाहरण सर्ट्रालिनचं आहे. नैराश्यावरच्या या औषधाच्या निर्मितीत फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांनी डायक्लोरोमिथेन, टेट्राहायड्रोफ्युरॅन, टोल्यूइन आणि हेक्झेन ही चारही काढून इथेनॉल आणलं, पायऱ्या एकत्र केल्या आणि टनामागे लागणारं सॉल्व्हंट दहाव्या हिश्श्यावर आलं. २००२ मध्ये त्यांना अमेरिकेचा ग्रीन केमिस्ट्रीचा पुरस्कार मिळाला. मला पुरस्काराहून जास्त ते सेंट्रिफ्यूज आठवतात, ज्यांच्यावर वाकणाऱ्या माणसांच्या नाकापुढून तीन-चार वास कायमचे गेले असतील.

काका नंतर निवृत्त झाले. जायच्या आधी त्यांनी नव्या मुलाला ॲनालायझर कसा तपासायचा ते शिकवलं: झाकण उघड, आकडा २१ कडे पळतो का बघ, पळाला तरच त्याच्यावर विश्वास ठेव. मी बाजूला उभी होते.

तक्ता अजून माझ्याकडेच आहे. शेवटच्या रकान्याचं नाव मी बदलून घेतलं, त्यासाठी डॉक्युमेंट कंट्रोलकडे चार फेऱ्या झाल्या. तिथे आता 'कुठे गेलं?' असं छापलेलं आहे आणि आकड्यासोबत उत्तर लिहावं लागतं. 'व्हेंट', 'सॅम्पलिंग', 'ड्रम ओतताना', असं काहीतरी. मागच्या महिन्यात दीड टक्क्यापैकी जवळपास निम्म्यापुढे मी 'माहीत नाही' लिहिलं. ड्रायरवर पाण्याचा रिंग पंप आहे. केकमधून निघणारी वाफ तो ओढतो तेव्हा त्याच्या पाण्यात ॲसिटोन विरघळून ईटीपीकडे जात असणार, असा ईटीपीच्या ऑपरेटरचा संशय आहे. गेले काही दिवस त्याच्या जारमध्ये पिसं दिसतायत. उद्या सकाळी बॅच ड्रायरमध्ये गेली की आम्ही दोघं पंपाच्या टाकीतून दर तासाला नमुना घेणार आहोत.